घरच्या शेतीचा लहान ट्रॅक्टर : निवड, हिशेब आणि निगा

लहान ट्रॅक्टर, म्हणजे बोलीभाषेतला मिनी ट्रॅक्टर, हे साधारण १० ते २५ अश्वशक्तीचे यंत्र असते. त्याचे वजन बहुधा ७०० किलो ते एक टन भरते, रुंदी तीन-साडेतीन फुटांच्या आसपास असते आणि इंजिन एक, दोन किंवा तीन सिलिंडरचे असते. ३५ ते ५० अश्वशक्तीचा नेहमीचा ट्रॅक्टर वजनाने याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोणार तालुक्यातही भावाभावांच्या वाटण्यांनी वावरे लहान होत गेली आहेत. बैलजोडी वर्षभर पोसणे अवघड आणि मोठा ट्रॅक्टर परवडणे त्याहून अवघड, अशा घरांपुढे लहान ट्रॅक्टर हा पर्याय येतो. हा पर्याय फायद्याचा ठरतो की कर्जाचा, हे दोन गोष्टींवर ठरते : यंत्र वर्षाकाठी किती तास कामाला लागते आणि त्या तासांच्या हिशेबाने त्याची निगा होते की नाही.

लहान यंत्राची घडण

हलका ट्रॅक्टर जड काम करू शकतो, याचे श्रेय बऱ्याच अंशी हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याला जाते. पूर्वीचे ट्रॅक्टर नांगराला नुसते मागे ओढत नेत. ओढीचा जोर वाढवायचा तर यंत्राचे वजन वाढवावे लागे. फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी जोडण्याची आणि हायड्रॉलिकने उचलण्याची पद्धत विकसित केली. या जोडणीत जमिनीचा विरोध आणि अवजाराचे वजन मागच्या चाकांवर येऊन दाब वाढतो, त्यामुळे हलक्या यंत्राची चाकेही पकड घेतात. १९४६ मध्ये इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे तयार होऊ लागलेला त्याचा ‘टीई २०’ ट्रॅक्टर वीस-पंचवीस अश्वशक्तीचाच होता आणि दहा वर्षांत त्याची पाच लाखांहून अधिक यंत्रे तयार झाली. आज गावातला मेकॅनिक ज्याला ‘थ्री पॉइंट’ आणि ‘लिफ्ट’ म्हणतो, ती हीच योजना.

भारतात दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आराखड्यावरून १९७४ मध्ये ‘स्वराज ७२४’ बाजारात आला. तोही पंचविशीतल्या अश्वशक्तीचाच होता. पुढे मोठ्या यंत्रांची चलती झाली. महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने लहान ट्रॅक्टरला मागणी आली ती नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतून, कारण वेलींच्या ओळींमधून मोठे यंत्र जात नव्हते. महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा ‘युवराज २१५’, बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीचा मित्सुबिशीच्या तंत्रावरचा साडेअठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, कुबोटाचा २१ अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला ‘निओस्टार’, राजकोटच्या कॅप्टन कंपनीची यंत्रे आणि २०२१ मध्ये आलेला ११ अश्वशक्तीचा ‘स्वराज कोड’ अशी निवड आता उपलब्ध आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्या टप्प्यातून लहान ट्रॅक्टर वगळले गेल्याने त्यांची डिझेल यंत्रणा साधी राहिली आहे, आणि तिची बरीचशी निगा शेतकऱ्याला स्वतः करता येते.

लोणारची जमीन आणि यंत्राचा आकार

लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले विवर म्हणून जगाला ठाऊक आहे. त्याच बेसाल्टच्या झिजेतून भोवतालच्या शेतजमिनी तयार झाल्या आहेत. नदी-नाल्यांच्या काठची जमीन काळी, खोल आणि चिकण. टेकड्यांच्या उतारावरची जमीन हलकी, मुरमाड, जागोजागी दगड वर आलेली. एकाच घराचे एक वावर खाली काळ्यात आणि दुसरे वर बरडात, अशी स्थिती अनेकदा आढळते. ट्रॅक्टर निवडताना दोन्ही डोळ्यांपुढे हवीत.

काळी माती ओली झाली की फुगते आणि चाकाला लोंबते, वाळली की तडकते आणि ढेकळे दगडासारखी होतात. मशागतीचा योग्य काळ या दोन्हींच्या मधला, म्हणजे वापशाचा. तो काही दिवसांचाच असतो. भाड्याचा ट्रॅक्टर नेमक्या त्याच दिवसांत मिळत नाही, कारण सगळ्या गावाला तो तेव्हाच हवा असतो. घरचा लहान ट्रॅक्टर असण्याचा सर्वांत मोठा लाभ इथे आहे. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर वापसा येताच करावी, अशी शिफारस असते. त्या दिवशी यंत्र दारात उभे असेल, तर पेरणी वेळेवर होते.

हलक्या वजनाचा आणखी एक फायदा जमिनीला मिळतो. जड यंत्राच्या चाकाखाली काळी जमीन, विशेषतः ओली असताना, खोलवर दबते आणि पाणी मुरणे कमी होते. लहान ट्रॅक्टरने हा दाब कमी पडतो. मात्र वापसा नसताना रोटाव्हेटर फिरवला, तर कोणत्याही आकाराच्या यंत्राने मातीची घडण बिघडते आणि वर भुसभुशीत, खाली घट्ट असा थर तयार होतो. दरवर्षी एकाच खोलीवर रोटाव्हेटर चालवणाऱ्या वावरात हा घट्ट थर लवकर येतो. तीन-चार वर्षांनी एकदा भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने खोल नांगरट करून घेणे हा त्यावरचा उपाय आहे. खोल नांगरटीसाठी स्वतःचे मोठे यंत्र घेण्याची गरज नसते.

यंत्राची मर्यादाही इथेच लक्षात घ्यावी. पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरकडून भारी काळ्या जमिनीत उन्हाळी पलटी नांगराच्या कामाची अपेक्षा करू नये. सोयाबीन काढणारा ‘हडंबा’, म्हणजे मोठे मळणी यंत्र, त्याच्या आवाक्याबाहेर आहे. चार ओळींचे रुंद वरंबा-सरी पेरणी यंत्रही बहुतेक वेळा मोठ्या ट्रॅक्टरला जोडायचे असते. वखरणी, रोटाव्हेटर, पेरणी, डवरणी, फवारणी, खत आणि माल वाहणे ही लहान ट्रॅक्टरची कामे. तालुक्यातील सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभरा या पिकांची बहुतांश कामे यात बसतात.

चाकांचे अंतर आणि पिकाच्या ओळी

उभ्या पिकात चालता येणे हे लहान ट्रॅक्टरचे वैशिष्ट्य. त्यासाठी पेरणीच्या आधीच ओळींचे अंतर चाकांशी जुळवावे लागते. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरले असेल आणि यंत्राने दोन ओळी पोटाखाली घ्यायच्या असतील, तर दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर ९० सेंटिमीटर हवे. टायर २० सेंटिमीटर रुंद असेल, तर प्रत्येक बाजूला साडेबारा सेंटिमीटर मोकळे राहतात. एवढ्या जागेत सराईत हाताने डवरणी करता येते. चाकांचे अंतर कमी असलेल्या यंत्राला ओळींचे अंतर त्या मानाने कमी घ्यावे लागते. अनेक ट्रॅक्टरांत रिम उलटे बसवून हे अंतर थोडे बदलता येते. कपाशीच्या चार फुटी ओळींमधून मात्र अरुंद ट्रॅक्टर सरळ निघून जातो.

म्हणून विक्रेत्याकडे जाताना अश्वशक्तीच्या आधी तीन मापे विचारावीत : चाकांच्या मध्यांमधले कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर, जमिनीपासून पोटाची उंची आणि लिफ्टची उचलण्याची क्षमता. पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, मिळणारी शक्ती इंजिनच्या शक्तीपेक्षा कमी असते आणि रोटाव्हेटर, फवारणी पंप पीटीओवरच चालतात, त्यामुळे तोही आकडा पाहावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालात पीटीओची शक्ती, ओढण्याची क्षमता आणि डिझेलचा खप हे मोजून दिलेले असतात. जाहिरातीपेक्षा हा अहवाल अधिक भरवशाचा.

अवजार यंत्राला साजेसे असावे. १५ ते १८ अश्वशक्तीला तीन-सव्वातीन फुटी रोटाव्हेटर पुरे. चोवीस-पंचवीस अश्वशक्तीला चार फुटी चालतो. रोटाव्हेटर यंत्राच्या बाह्य रुंदीपेक्षा अरुंद असेल, तर चाकाची वाट मागे तशीच राहते. रुंद असेल, तर इंजिन दमते, काळा धूर टाकते आणि क्लचप्लेट लवकर झिजते.

तासांचा हिशेब

ट्रॅक्टरवर किलोमीटरऐवजी तास मोजणारा अवर मीटर असतो. मालकीचा आणि निगेचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालला, तर तासाला २,५०० चौरस मीटर जमीन व्हायला हवी. वळणे, थांबणे आणि पट्टे एकमेकांवर येणे यात वीस टक्के वेळ जातो असे धरले, तर प्रत्यक्षात २,००० चौरस मीटर होते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकराला दोन तास. खरिपाची पूर्वमशागत दोन तास, पेरणी एक, दोन डवरण्या दोन, तीन फवारण्या दीड, रब्बीची मशागत दोन, पेरणी एक आणि दोन फवारण्या एक तास असे धरले, तर दोन्ही हंगामांचे मिळून एकरी साडेदहा तास होतात. पाच एकरांचे ५२ ते ५३ तास. वाहतूक आणि किरकोळ कामांचे चाळीस तास मिळवले, तरी वर्षाला शंभर तास भरत नाहीत.

आता खर्च पाहू. ट्रॅक्टर आणि पहिली अवजारे मिळून ५ लाख रुपये लागले असे मानू. दहा वर्षांनी दहा टक्के किंमत उरेल असे धरले, तर वर्षाचा घसारा ४५,००० रुपये. सरासरी गुंतवणूक २,७५,००० रुपये आणि तिच्यावर दहा टक्क्यांनी व्याज २७,५०० रुपये. विमा आणि निवाऱ्याचे दोन टक्के म्हणजे १०,००० रुपये. एकूण ८२,५०० रुपये. यंत्र वर्षभर उभे राहिले तरी हा खर्च टळत नाही. चालवण्याचा खर्च वेगळा : तासाला दोन लिटर डिझेल ९५ रुपयांच्या दराने १९० रुपये, तेल आणि ग्रीस ४० रुपये, दुरुस्ती ५० रुपये, मिळून २८० रुपये.

हे यंत्र वर्षाला १०० तास चालले, तर तासाचा खर्च १,१०५ रुपये पडतो. २५० तास चालले, तर ६१० रुपये आणि ५०० तास चालले, तर ४४५ रुपये. गावात तशाच यंत्राचे भाडे तासाला ६०० रुपये आहे असे मानले, तर २५८ तासांच्या खाली भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त आणि त्याच्या वर घरचा स्वस्त. घरोघरी आकडे बदलतील, रीत हीच राहील : वर्षाचा न टळणारा खर्च भागिले भाडे आणि चालवण्याचा खर्च यांतला फरक. उत्तर येईल तेवढे तास काम मिळवता आले पाहिजे.

यावरून दिसते की पाच एकरांच्या एकट्या घराला ट्रॅक्टर केवळ स्वतःच्या शेतावर परवडत नाही. चार भाऊ-चुलतभावांची मिळून वीस एकर जमीन असेल, तर मशागतीचे २१० आणि वाहतुकीचे साठ असे २७० तास होतात आणि हिशेब जेमतेम जमतो. शेजारच्या दहा-पंधरा एकरांची फवारणी आणि डवरणी भाड्याने मिळाली, तर खरा नफा सुरू होतो. भावकीने मिळून यंत्र घेताना नोंदणी कोणाच्या नावावर, पेरणीच्या दिवसांत कोणाचे वावर आधी, डिझेल कोणी भरायचे आणि तासाला किती रुपये दुरुस्तीच्या खात्यात टाकायचे, हे कागदावर लिहून सह्या कराव्यात. पेरणीचा क्रम दरवर्षी फिरता ठेवला, तर कोणावर अन्याय होत नाही.

अनुदान आणि कागदपत्रे

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत ट्रॅक्टर आणि अवजारांना अनुदान मिळते. त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची स्वतंत्र योजना आहे. ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने यांसाठी साडेतीन लाख रुपयांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपयांपर्यंत अनुदान, अशी तिची रचना आहे. गटातील किमान ८० टक्के सदस्य या घटकांतील असावे लागतात. निवड होऊन पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली, तर अनुदान हुकू शकते. म्हणून आधी पूर्वसंमती, मग खरेदी हा क्रम पाळावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भागही ५ टक्क्यांत आले आहेत.

ट्रॅक्टर हे कायद्याने मोटार वाहन आहे. बुलडाण्याच्या परिवहन कार्यालयात त्याची एमएच-२८ मालिकेत नोंदणी होते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना हवा आणि किमान तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने धंद्यासाठी वाळू-विटा वाहिल्या, तर नोंदणीच्या आणि विम्याच्या अटी मोडतात आणि अपघात झाल्यास भरपाईचा बोजा मालकावर येतो. कर्ज फिटल्यावर बँकेचे नाहरकत पत्र घेऊन नोंदणी पुस्तकातील बोजा आणि सातबाऱ्यावर नोंद झाली असेल तर तीही उतरवून घ्यावी. जुना ट्रॅक्टर घेताना हीच कागदपत्रे आधी तपासावीत. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. तेल भरण्याच्या झाकणातून धुराचे लोट येत असतील, तर पिस्टन आणि रिंगा झिजल्या आहेत असे समजावे.

रोजची निगा : हवा, डिझेल, तेल, पाणी

डिझेल इंजिन अचानक बिघडल्यासारखे वाटते. खरे तर आत गेलेली धूळ, डिझेलमधले पाणी, काळे पडलेले तेल आणि कमी झालेले कूलंट यांनी ते बरेच आधी झिजू लागलेले असते. रोज सकाळी दहा मिनिटे दिली, तर यातले बहुतेक नुकसान टळते.

पहिली तपासणी हवेची. ऑइल बाथ प्रकारच्या एअर क्लीनरमध्ये खालच्या वाटीत तेल असते आणि धूळ त्यात अडकते. वाटीत गाळ साचला की तेल टाकून, वाटी डिझेलने धुऊन, खुणेपर्यंत नवे तेल भरावे. खुणेपेक्षा जास्त भरले, तर ते इंजिनमध्ये ओढले जाते. कोरड्या फिल्टरला हळू आपटून किंवा आतून बाहेर कमी दाबाची हवा मारून साफ करावे, पाण्याने धुऊ नये. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू असताना हवेत भुसा आणि बारीक धूळ इतकी असते की फिल्टर दिवसातून दोनदा पाहावा लागतो. लहान मळणी यंत्रावर काम करताना ट्रॅक्टर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा करावा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा संध्याकाळी मागून पुढे हवा मारून काढावा. भुसा अडकला की पाणी तापते आणि पुढे हेड गॅस्केट जाते.

दुसरी तपासणी डिझेलची. टाकी सकाळऐवजी संध्याकाळी, काम संपल्यावर भरावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते आणि पुढे पंप व नोझल गंजवते. ड्रममधले डिझेल न ढवळता, तळाचे सोडून, स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट नियमित सैल करून पाणी काढावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली की नळीत हवा शिरते आणि इंजिन ‘एअर घेते’. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे, स्क्रू घट्ट करावा आणि हीच कृती इंजेक्शन पंपावर करावी. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवण्याचा मोह टाळावा. त्याने शक्ती थोडी आणि झीज फार वाढते.

तिसरी तपासणी तेलाची. यंत्र सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड असताना डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे आणि तसे यंत्र अजिबात चालवू नये. चौथी तपासणी पाण्याची. बेसाल्टमधल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते रेडिएटरमध्ये टाकले, तर आत क्षाराचा थर बसतो. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच वापरावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते.

शेवटी यंत्राभोवती एक फेरी मारावी. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर जास्त असल्याने नट-बोल्ट सैल होतात. चाकांचे, मडगार्डचे आणि रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट पान्याने तपासावेत. ग्रीसच्या निपलांवर आधी माती पुसावी, मग गन लावावी, नाहीतर मातीच आत जाते. चिखलात काम झाले, तर त्याच संध्याकाळी ग्रीस करावे.

ठरावीक तासांची निगा

नव्या यंत्राचे पहिले पन्नास तास नाजूक असतात. या काळात पूर्ण भार टाकू नये आणि इंजिन फार वेळ नुसते चालूही ठेवू नये. पन्नास तासांच्या आसपास पहिले इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले जातात, कारण नवे भाग एकमेकांवर घासून निघालेला धातूचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो. त्यानंतर बऱ्याच यंत्रांत दर २५० तासांनी इंजिन ऑइल, ५०० तासांच्या आसपास डिझेल फिल्टर आणि हजार तासांच्या आसपास गिअरबॉक्स व हायड्रॉलिकचे तेल बदलण्याचा क्रम असतो. नेमके तास आणि तेलाचा दर्जा यंत्रासोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो आणि तोच पाळावा. वर्षाला शंभर-दीडशे तासच चालणाऱ्या यंत्राचे तेल तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलावे, कारण उभ्या यंत्रातही तेल ओलावा आणि आम्ल धरते.

क्लच पॅडलची मोकळी चाल संपली की क्लचप्लेट घसरत राहते आणि जळते. चालताना पॅडलवर पाय ठेवून बसण्याची सवय हेच त्याचे नेहमीचे कारण. डावा आणि उजवा ब्रेक सारखा लागला पाहिजे. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. मागच्या टायरमध्ये शेतात हवा थोडी कमी, साधारण १२ ते १४ पौंड, आणि रस्त्यावर ट्रॉली ओढताना थोडी जास्त ठेवतात. ओढीच्या कामात चाके १०-१५ टक्क्यांहून जास्त घसरत असतील, तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया जातात. अशा वेळी चाकांवर वजने लावावीत किंवा टायरमध्ये तीन चतुर्थांशापर्यंत पाणी भरावे. फोर व्हील यंत्रात पुढच्या चाकांचा जोर शेतातच जोडावा. डांबरी रस्त्यावर तो जोडून ठेवला, तर पुढचे टायर आणि गिअर झिजतात.

एक साधी वही ठेवावी : तारीख, अवर मीटरचा आकडा, काम, डिझेल, केलेली निगा. तासाला लागणारे डिझेल कारण नसताना वाढू लागले, की नोझल, फिल्टर किंवा टॅपेट तपासण्याची वेळ आली हे वहीतूनच कळते. विकताना ही वही चांगली किंमतही मिळवून देते.

धुराचा रंगही बोलका असतो. सतत काळा धूर म्हणजे तुंबलेला एअर फिल्टर, खराब नोझल किंवा जास्त भार. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेलमध्ये पाणी, चुकलेले टायमिंग किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन. तेलदाबाचा दिवा लागला, तर फेरी पूर्ण करण्याचा विचार न करता तत्काळ इंजिन बंद करावे.

जीव सांभाळणे

यंत्र लहान असले तरी धोका लहान होत नाही. अरुंद चाकांचा ट्रॅक्टर धुऱ्यावर आणि उतारावर लवकर कलंडतो. उतारावर आडवे वळू नये, वेग कमी ठेवावा आणि शक्य असेल तर सुरक्षा चौकट असलेले यंत्र निवडून सीटबेल्ट लावावा. रुतलेले काही ओढताना साखळी खालच्या हुकालाच लावावी. टॉपलिंकला, म्हणजे थ्री पॉइंटच्या वरच्या दांड्याला लावली, तर पुढचा भाग उचलून यंत्र चालकावर मागे उलटते. पीटीओच्या फिरत्या शाफ्टवर आवरण हवेच. दुपट्टा, पदर किंवा सैल बाही त्यात अडकली, तर सुटका करायला वेळ मिळत नाही. रोटाव्हेटरमधली काडी काढण्याआधी इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक पॅडल कडीने जोडावेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून यंत्र उलटते. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक लावावेत.

मडगार्डवर मूल बसवणे आणि ट्रॉलीतून मजूर नेणे या दोन सवयींनी अनेक घरे उद्ध्वस्त केली आहेत. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळून सात जणींचा मृत्यू झाला. कठडा नसलेल्या विहिरी विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारात सर्वत्र आहेत. ट्रॅक्टर घेणाऱ्या घराने आपल्या विहिरीला कठडा बांधणे हा खरेदीचाच भाग मानावा.

यंत्र उभे असताना

हरभरा निघाल्यापासून मृगाच्या तयारीपर्यंत यंत्राला फारसे काम नसते. या काळात ते शेडमध्ये, माती धुऊन, अवजार जमिनीवर टेकवून ठेवावे. डिझेलची टाकी भरलेली असावी. बॅटरीची ऋण तार सोडावी, प्लेटा बुडतील एवढे डिस्टिल्ड पाणी ठेवावे आणि टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावे. उंदीर वायरी कुरतडतात आणि सायलेन्सरमध्ये घर करतात, म्हणून तोंड झाकावे आणि सुरू करण्यापूर्वी झाकण काढावे. रोटाव्हेटरची झिजलेली पाती, पेरणी यंत्राच्या नळ्या आणि फवारणी पंपाच्या नोझल मे महिन्यातच बदलून घ्याव्यात. पहिला पाऊस पडल्यावर सुट्या भागांच्या दुकानात आणि मेकॅनिककडे रांग लागते.

लहान ट्रॅक्टर घेण्याआधी घरातील सर्वांनी बसून वर्षभराचे कामाचे तास मांडावेत. तास भरत नसतील, तर भाड्याने काम करून घेणे किंवा भावकीत मिळून यंत्र घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. तास भरत असतील, तर यंत्राबरोबर वही, ग्रीस गन आणि रोजची दहा मिनिटेही घरात आणावीत. शेतीयंत्रांचे हिशेब मांडताना ट्रॅक्टरचे आयुष्य साधारण दहा हजार तास धरले जाते. वर्षाला तीनशे तास चालणारे आणि नीट सांभाळलेले यंत्र त्या हिशेबाने तीस वर्षांहून अधिक काळ पुरू शकते. निगेवाचून तेच यंत्र कर्ज फिटण्याआधी इंजिन खोलायला लावते.